पोर्ट जळाला की मदरबोर्डच बदलायचा?

प्रश्न : लॅपटॉपला लावलेल्या यूएसबी हबवर (एका पोर्टचे अनेक करणारा जोड) पंखा, दिवा आणि बाहेरची हार्ड डिस्क एकदम जोडली. 'पॉवर सर्ज' असा संदेश आला नि पोर्ट मेला. दुकानात मदरबोर्ड बदला म्हणतात. (विद्यार्थिनी, राजारामपुरी)

थांबा, मदरबोर्डला, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डाला, एवढ्यात हात लावू नका. साधा यूएसबी 2.0 पोर्ट 5 व्होल्टला 500 मिलीअँपिअर देतो, 3.0 चा 900. फिरती हार्ड डिस्क सुरू होताना एकटीच त्याहून जास्त ओढू शकते. मर्यादा ओलांडली की लॅपटॉप त्या पोर्टचा पुरवठा स्वतःच तोडतो. म्हणजे तुमचा पोर्ट जळालेला नसून नुसता बंद झालेला असू शकतो. जोडलेलं सगळं काढा. लॅपटॉप स्लीप नव्हे, पूर्ण बंद करा, चार्जर काढा आणि पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा. दहा मिनिटांनी सुरू करून फक्त माउस लावा.

तरीही हूं की चूं नसेल, तर टॉर्चच्या उजेडात पोर्टच्या आत बघा. पिना काळवंडल्या आहेत का, एखादी वाकून शेजारणीला टेकली आहे का? यानंतरचं काम कारागिराचं. लॅपटॉपची बॅटरी सोडवून तो 5 व्होल्टच्या पिनेपासून ग्राउंडपर्यंत मल्टिमीटर लावेल. मीटर वाजला तर कुठंतरी शॉर्ट आहे, आणि पुष्कळदा तो तिळाएवढ्या संरक्षक डायोडमध्ये किंवा कपॅसिटरमध्ये सापडतो. असा डायोड भिंगाखाली धरला की मधोमध तपकिरी ठिपका दिसू शकतो. तो स्वतः मेला, म्हणून मागची चिप वाचली. हे न तपासता जो बोर्ड बदला म्हणतो, त्याच्याकडून लॅपटॉप परत घ्या.

एक कळकळीचं सांगणं : पोर्ट कशानं गेला ते कळेपर्यंत तीच हार्ड डिस्क, तोच हब दुसऱ्या पोर्टला लावू नका. शॉर्ट वस्तूनं ओळीनं तीन पोर्ट घालवलेले लॅपटॉप मी उघडले आहेत.

प्रश्न : वळवाच्या पावसात वीज कडाडली, तेव्हापासून लॅन पोर्ट (इंटरनेटची वायर लावायचा) बंद. बाकी सगळं चालतं. (व्यापारी, शाहूपुरी)

गच्चीवरून येणाऱ्या केबलीतून झटका आत शिरला असणार. लॅनची चिप बदलता येते, पण मी पैसे घालायला सांगणार नाही. यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर घ्या आणि मेलेला पोर्ट बायोसमधून (लॅपटॉप सुरू होतानाच उघडायच्या मूळ सेटिंगमधून) बंद करा. पुढच्या वळवात ढग गडगडले की चार्जरबरोबर लॅनची वायरही काढायची.

प्रश्न : चार्जिंगला लावल्यावर लॅपटॉपची धातूची बॉडी झिणझिणते. टीव्हीला जोडताना एचडीएमआयजवळ ठिणगीही उडाली. (गृहिणी, कसबा बावडा)

ताई, आधी घरचं अर्थिंग बघून घ्या. चार्जरमधल्या एका कपॅसिटरमधून किंचित गळती होतच असते. अर्थिंग नसेल तर ती बॉडीवर साचते आणि केबल टेकताक्षणी पोर्टमधून वाट काढते. वायरमनला फेज आणि अर्थ यांच्यातला दाब मोजायला सांगा. तो 230 व्होल्टच्या आसपास हवा. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून 'काम झालं' म्हणत असेल, तर ते मुळीच करू देऊ नका. न्यूट्रल तुटला की त्याच जोडामुळं बॉडीत जिवंत करंट येतो. तोवर टीव्ही आणि लॅपटॉप दोन्ही प्लगमधून काढूनच केबल जोडा.

प्रश्न : पोर्ट दुरुस्त करताना फोटो, फायली जातील का? (कागल)

नाही. पोर्टच्या कामाचा डिस्कशी संबंध येत नाही, फॉरमॅट करायचं कारणच नाही. तरी लॅपटॉप देण्याआधी चालू पोर्टवरून एक प्रत काढून ठेवा.