आनुवंशिक की पिढीजात?

सोलापूरच्या एका वाचकाने दोन वाक्यं पाठवली आहेत. ‘पूर्व भागातल्या विणकरांचं कसब अनुवंशिक आहे’ हे एक, आणि ‘माणसाचा स्वभाव निम्मा अनुवंशिक असतो’ हे दुसरं. शब्द ‘अनुवंशिक’ की ‘आनुवंशिक’, आणि तो इथे चालतो का, अशी विचारणा आहे.

शुद्धलेखनाचं आधी उरकू. ‘अनुवंश’ला ‘इक’ लागला की पहिल्या अ-चा आ होतो. अनुषंगाचं आनुषंगिक होतं तसंच. म्हणून आनुवंशिक.

पहिल्या वाक्यात मात्र तो शब्द खटकतो. पद्मशाली विणकरांच्या घरातलं पोर आधी कांड्या भरतं, मग ताण्याचा तुटलेला धागा सांधायला शिकतं, आणि धोट्याचा ठेका चुकला की मान वर करून बघतं. हे जनुकांतून येत नाही, त्या घरात वाढल्याने येतं. त्याला आपल्याकडे पिढीजात हा नेमका शब्द आहे. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि शेजारी कन्नड बोलणारी मुलं सोलापूरला नवी नाहीत. भाषा शिकण्याची क्षमता आपण जन्मतः घेऊन येतो, कुठली भाषा ते घर आणि गल्ली ठरवतात. जन्मजात हा शब्द आणखी वेगळा. गरोदरपणात आईला रुबेला झाला तर मूल जन्मजात बहिरं असू शकतं, पण ते बहिरेपण आनुवंशिक नसतं.

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीत वाण म्हणजे रंग. रंग आपला आपण राहिला, खोड मात्र शेजाऱ्याची लागली. अर्थात ‘खाण तशी माती’ म्हणायलाही आपण कमी करत नाही!

दुसऱ्या वाक्यात शब्द बरोबर आहे, रचना चुकली आहे. जुळ्यांवरच्या २,७४८ शोधनिबंधांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्या गुणधर्मांची सरासरी धरता आनुवंशिकतेचा वाटा ४९ टक्के निघाला. पण हा वाटा माणसामाणसांतल्या फरकातला आहे, एका माणसाच्या स्वभावातला नाही. मालदांडी ज्वारीचं एकाच पोत्यातलं बियाणं मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आणि मुरमाड माळावर पेरलं, तर दोन्हीकडच्या पिकांतला फरक मातीचा. एकाच रानात वेगवेगळे वाण पेरले, तर तो मुख्यतः वाणाचा. एका धाटाच्या उंचीत बियाणं किती आणि माती किती, हा प्रश्नच लागू पडत नाही.

शिवाय हा वाटा कायमचा ठरलेला नसतो. अमेरिकेतल्या जुळ्या मुलांच्या बुद्ध्यंकाचा २००३ मधला एक अभ्यास आहे. गरीब घरांत मुलामुलांतल्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा जवळजवळ शून्य दिसला, तर सुस्थितीतल्या घरांत तो भरपूर होता. म्हणून वाक्य असं करा: ‘माणसामाणसांच्या स्वभावांत दिसणाऱ्या फरकापैकी साधारण निम्मा आनुवंशिकतेशी जोडता येतो.’ लांबलं खरं, पण चुकीचं तरी नाही.

उरलेल्या निम्म्याला सरसकट ‘संस्कार’ म्हणू नका. त्यात गर्भातलं पोषण येतं, आजारपण येतं, मित्र येतात आणि निव्वळ योगायोगही. पाठ्यपुस्तकांत ‘पर्यावरण’ असतं, पण ते वाचून डोळ्यांपुढे झाडंच येतात. मी ‘भोवताल’ वापरतो.