तू आत कधी गेलीस?

पत्र:

"ताई, मी जयसिंगपूरची, वय ३३. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला बायपोलर, म्हणजे मन कधी फार उसळतं, कधी फार खचतं तो आजार, आहे असं सांगितलं, तेव्हापासून त्यावरचं लिथियम आणि रात्रीची एक गोळी चालू आहे. तेव्हा मुलगी आठ महिन्यांची होती, मला झोप लागायची नाही, सारखी चिडचिड, सासूबाईंशी कडाक्याची भांडणं, त्यात मी माहेरची पाटली मोडून पिको-फॉलची मशीन घेतली. घरच्यांना वाटलं हिचं डोकं फिरलं. मशीन अजून चालते, महिन्याला दोन-अडीच हजार सुटतात. पण आता वजन खूप वाढलंय, हात थरथरतात, दारातली रांगोळीसुद्धा नीट येत नाही. मला खरंच हा आजार आहे का अशी शंका येते. डॉक्टर मामेसासऱ्यांच्या ओळखीचे आहेत, फी अर्धीच घेतात, दुसरीकडे गेलो तर त्यांना वाईट वाटेल असं सासूबाई म्हणतात. मिस्टर खूप चांगले आहेत, दर महिन्याला हाफ डे टाकून नेतात, मी बाहेर बाकावर बसते, हे आत जाऊन सगळं सांगतात आणि चिठ्ठी घेऊन येतात. गेल्या महिन्यापासून मी गोळ्या एक दिवसाआड घेतेय, कुणाला बोलले नाही. सेकंड ओपिनियन घ्यावं, की हळूहळू गोळ्याच बंद कराव्यात?"

उत्तर:

अगं, तू बाहेर बाकावर का बसतेस?

एवढं मोठं पत्र लिहिलंस, डॉक्टरांना काय वाटेल, सासूबाईंना काय वाटेल, मामेसासऱ्यांची ओळख, अर्धी फी, सगळं आलं, आणि खरी गोष्ट तू मिस्टरांच्या कौतुकात अर्ध्या वाक्यात टाकून पुढे गेलीस. आजार तुझा, गोळ्या तुझ्या पोटात जातात, हात तुझे थरथरतात आणि केबिनमध्ये बोलतंय कोण, तर नवरा. तीन वर्षं. तू सेकंड ओपिनियन म्हणतेस, पण तुझ्या तोंडून ऐकून दिलेलं पहिलं तरी झालंय का? पहिल्या दिवशी तू आत होतीस की नाही हेही तू लिहिलेलं नाहीस, आणि असलीस तरी शेजारी बसून दुसरंच कुणीतरी बोलत असणार असं मला वाटतं.

मिस्टर चांगले आहेत हे तू लिहिलंस, मी ते खोडत नाही, पण त्यांचं कौतुकही करणार नाही. हाफ डे टाकून नेणं ठीक आहे. बायकोला बाहेर बसवून तिच्या मनात काय चाललंय ते आत जाऊन सांगणं ठीक नाही, ते कितीही प्रेमाने केलं तरी. आणि पेशंटला न बघता महिन्यामागून महिने चिठ्ठी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना वाईट वाटेल का याची काळजी तू करू नयेस. गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं तर आपल्याकडे लोक मिरजेत एकाला, कोल्हापुरात एकाला दाखवून येतात, कुणाचा अपमान होत नाही. मनाच्या आजारातच ही भीड का आड येते मला समजत नाही.

आता हे इतकं महत्त्वाचं का ते सांगते. बायपोलर आहे की नाही हे सांगणारी रक्ताची तपासणी अजून तरी नाही. निदान होतं ते ऐकून. कधी सुरू झालं, किती दिवस टिकलं, त्या दिवसांत आतून कसं वाटत होतं. नवरा खरंच बोलत असेल, पण तो बाहेरून दिसलं तेच सांगणार. "रात्रभर जागी असते." बरोबर, होतीस जागी. पण मेनियामध्ये, म्हणजे बायपोलरमधल्या त्या उसळीच्या दिवसांत, माणूस दोन-तीन तास झोपून ताजातवाना उठतो, झोपेची गरजच वाटत नाही, डोक्यात विचार एकावर एक धावतात, बोलणं थांबत नाही, आपण काहीही करू शकतो असं वाटतं आणि हे साधारण आठवडाभर तरी रोज टिकतं, सौम्य प्रकार असेल तर किमान चार दिवस. आठ महिन्यांचं पोर रात्रीतून दोनदा-तीनदा उठवतं, मग डोळा लागत नाही, सकाळी अंग मोडून येतं आणि कुणी काही बोललं की अंगावर जावंसं वाटतं, ही गोष्ट वेगळी. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तुझ्या बाबतीत कुठलं होतं हे एकच माणूस सांगू शकतं आणि ते बाकावर बसलेलं आहे.

तसंच मशीनचं. डॉक्टरांपुढे ते कसं गेलं असेल याचा मी अंदाज करू शकते, "दागिना मोडला, पैसे उडवले". मेनियात माणसं खरंच भलताच खर्च करतात, त्यामुळे तो मुद्दा चिठ्ठीवर लगेच गेला असणार. पण ती मशीन तीन वर्षं चालतेय, त्यावर साड्यांना फॉल लागतायत, घरात पैसे येतायत, हे कुणी त्यांना सांगितलं? आणि पाटली मोडायच्या आधी तू किती दिवस विचार केला होतास, का उठलीस आणि त्याच दुपारी सराफाकडे गेलीस? हे तूच सांगायचंस. जे असेल ते खरं सांगायचंस, तुझ्या बाजूने नसलं तरी.

कारण मी तुला "तुला काही झालेलं नाही" असं म्हणत नाहीये, ते मला इथे बसून कळणारच नाही. बाळंतपणानंतरचा काळ हा बायपोलर पहिल्यांदा वर येण्याचाही काळ असतो, त्यामुळे डॉक्टरांना शंका आली यात काही वावगं नाही. पण त्याच वर्षभरात काही बायकांची थायरॉइडही बिघडते, आधी जास्त चालते, म्हणजे धडधड, चिडचिड, झोप उडते, आणि मग मंदावते. तेव्हा तुझी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, केली होती का? बाळंतपणानंतरचं डिप्रेशनही कित्येकदा रडण्यापेक्षा रागातूनच बाहेर पडतं. चूक दोन्हीकडून होते बरं का. अमेरिकेत बायपोलरच्या पेशंटचा २००० साली सर्व्हे झाला होता, त्यात ६९ टक्के लोकांना आधी भलतंच निदान मिळालं होतं, बहुतेकांना नुसतं डिप्रेशन. आणि उलटही आहे, ऱ्होड आयलंडमध्ये मार्क झिमरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली एक अभ्यास छापला, त्यात आधी बायपोलरचं निदान झालेल्या १४५ जणांना सविस्तर प्रश्न विचारून पुन्हा तपासलं तेव्हा निम्म्याहून कमी लोकांत ते खरं ठरलं. म्हणजे तुझी शंका वेडगळ नाही. तिचं उत्तर "हो, बायपोलरच आहे" असं आलं तरी चालेल, निदान मग गोळी घेताना मन तरी खात नाही.

आता गोळ्या. इथे मी तुला रागावणार आहे. एक दिवसाआड घेणं आजच्या आज बंद. लिथियम असं मनाने सोडलं आणि आजार खरा असला तर तो उसळून वर येऊ शकतो, मग घरचे म्हणतील बघा, आम्ही म्हणत नव्हतो, आणि तुझं कुणी ऐकणारच नाही. उद्या सकाळी त्याच डॉक्टरांना फोन कर. तू कर, मिस्टर नाही. सांग की मी महिनाभर एक दिवसाआड घेतलीय, हात थरथरतात, आता कशी घेऊ. लिथियमची रक्तातली पातळी बघावी लागते, शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी रक्त देतात, शिवाय थायरॉइड आणि किडनीची तपासणी ठरावीक महिन्यांनी करायची असते, हे तीन वर्षांत किती वेळा झालं ते विचार. थरथर लिथियमने होते हे खरं, पण ती वाढत चालली, चालताना तोल जायला लागला, जुलाब-उलट्या झाल्या तर थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. आणि अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून ब्रुफेनसारखं काही आणून घेऊ नकोस, त्याने रक्तातलं लिथियम वाढतं. दुसरं मूल हवंय का हेही तुला कुणी विचारलेलं दिसत नाही, लिथियम चालू असताना ते सगळं आधीपासून ठरवावं लागतं.

आणि मग दुसरीकडे जा. जयसिंगपूरहून मिरज कितीसं लांब आहे, तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजला मानसोपचाराची ओपीडी आहे, कोल्हापुरात सीपीआर हा सरकारी दवाखाना आहे, तिथे मामेसासऱ्यांची ओळख लागत नाही. जायच्या आधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आधीच्या डॉक्टरांकडून कागद मागून घे. २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्याने आपले कागद मागायचा हक्क पेशंटला दिलाय, त्यासाठी भांडावं लागत नाही, नुसतं "मला माझे कागद हवेत" म्हणायचं.

मिस्टर बरोबर आले तर येऊ देत, पण नंबर पुकारला की तू उठायचंस आणि ते बाकावर बसतील. हे घरून निघायच्या आधीच त्यांना सांगून टाक, तिथे दारात बोलायची वेळ आणू नकोस. चांगला डॉक्टर नंतर त्यांनाही आत बोलावून विचारेल, विचारायलाच हवं, घरच्यांनी काय पाहिलं तेही लागतं, पण आधी तू. आत गेल्यावर शब्द फुटले नाहीत तर? फुटणार नाहीत कदाचित, इतकी वर्षं तुझ्या वतीने दुसरंच कुणी बोलतंय. म्हणून त्या दिवसांत काय काय झालं ते आजपासून वहीत लिहायला घे. झोप कशी होती, उठल्यावर अंग कसं असायचं, मशीन कशी घेतलीस, भांडणं कशावरून व्हायची, त्याच्या आधी लग्नापूर्वी, कॉलेजात असे दिवस कधी आले होते का, माहेरी कुणाला असं काही होतं का. आईला फोन करून विचार. हे सगळं मला तू इतकं नीट लिहून पाठवलंस, तर वहीतून वाचून दाखवणं तुला जमेल. वही, जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घाल, आणि ती पिशवी तुझ्याच हातात ठेव.