ओटीतले तांदूळ

प्रश्न : मावशी, मे महिन्यात आमचं कपड्यांचं दुकान बंद झालं. कर्ज आहे. हे कुणाशी बोलत नाहीत, रात्रभर जागे असतात. भाद्रपदात घरी महालक्ष्म्या बसतात. सासूबाई म्हणतात, कुळाचार मोडायचा नाही. मला वाटतं, पाच सवाष्णी जेवायला आल्या की आमची दशा गावभर होईल. जो तो मला सांगतो, 'अहिल्याबाईंच्या गावची सून तू, धीर धर.' हे ऐकलं की रडू येतं. काय करू?
– एक सून, सुदामानगर, इंदूर

उत्तर : अगं, रडू येणारच. अहिल्याबाईंचं नाव घेऊन बाईला गप्प बसवायची आपल्याकडे सवयच आहे. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात नवरा खंडेराव गेले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. हे सगळे सांगतात. पण खंडेरावांमागे सती जायला निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी अडवलं, कारभारात हाताशी घेतलं, हे सांगताना घाई करतात. तिलाही कुणीतरी धरलं होतं गं. तुलाही धरू दे कुणाला.

महालक्ष्म्या बसव. का, ते सांगते.

माझे बाबा मिलमध्ये साचेखात्यात होते. मिल बंद पडली त्या वर्षी मी नववीत होते. आईने ठरवलं, पुरण होईल, पण तेवढंच. सोळा भाज्या मूठमूठ घेऊन एकच भाजी केली. मला कुंकवाची कोयरी देऊन घरोघरी बोलावणं करायला धाडलं. मला लाज वाटत होती, अगदी तुझ्यासारखीच. संध्याकाळी बायका देवीची ओटी भरायला आल्या. ओटीत तांदूळ घालायचे ओंजळभर. त्या दिवशी एकेकीने शेर शेर ओतले. कुणी गुळाची ढेप ठेवली, कुणी नारळांची जोडी. आई काही बोलली नाही, त्याही बोलल्या नाहीत. देवीला दिलेलं होतं ते, आईला नव्हे. ते तांदूळ आम्हाला दिवाळीपर्यंत पुरले. त्याच बायकांपैकी रामबागेतल्या एका काकूंनी पुरणपोळी खाऊन विचारलं, 'दिवाळीच्या चकल्या करून द्याल का?' आईचं काम तिथून सुरू झालं, ते पुढे अकरा वर्षं चाललं.

कुणापुढे हात न पसरता घेता यावं म्हणूनच ओटी, वाण, शिधा आपल्याकडे आले असावेत, असं मला मनापासून वाटतं. एकेकाळी गरीब मुलं वार लावून जेवून शिकत. ज्या घरी जेवत, तिथे कुणी उपकार बोलून दाखवू नये, असा दंडक होता. तो नेहमी पाळला गेला नाही, हेही खरं. पण दार बंद करून बसलं तर ओटी भरायला कुणी येणार कसं?

तुझ्या यजमानांचं मात्र मला जास्त वाटतं. बाबाही असेच झाले होते, ताटावरून उठून जायचे. अनंत चतुर्दशीला इंदुरात मिलांच्या झांक्या, म्हणजे दिव्यांनी सजवलेले चित्ररथ, निघतात, ठाऊकच आहे तुला. मिली बंद पडल्या तरी कामगारांनी वर्गणी काढून त्या चालू ठेवल्या. बाबा आठ रात्री तिथे दिव्यांच्या माळा जोडत बसले. नवव्या दिवशी घरी येऊन त्यांनी भाकरी मागून घेतली. म्हणून यंदा मखराचं काम सासूबाईंना करू देऊ नकोस, यजमानांकडे दे. तरीही ते बोललेच नाहीत, झोप आलीच नाही, तर टेलिमानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी मदतवाहिनीला, १४४१६ वर फोन कर. तो दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत. त्यात कमीपणा नाही.

सणासाठी मात्र एक रुपयाही उसना आणायचा नाही. नवीन साड्या नकोत, मुखवट्यांना घरातल्याच नेसव. सासूबाई ऐकत नसतील तर त्यांना खड्यांच्या गौरींची आठवण दे. पाणवठ्यावरचे सात खडे आणून पूजा करणारी घरं आहेतच की, त्यांची गौर काही रुसत नाही. आणि कोणाचे किती देणे ते वहीत लिहून, हप्ता चुकायच्या आधीच दोघं मिळून बँकेत जा. आधी गेलेल्या माणसाचं ऐकून घेतात.

पत्रात घर नंबर लिहायचा राहिलाय. तो कळव. ज्येष्ठा नक्षत्राच्या दिवशी मी येते, ओटी भरायला.