वाचकांचे प्रश्न : तीर्थनच्या पाण्यात ट्राउटसाठी पहिली गरी

प्रश्न : माझे बालपण गोव्यातल्या दिवाडी बेटावर गेले आणि मानशीपाशी (भरतीचे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारापाशी) बसून, गरीला सुंगट (कोळंबी) लावून, चोणक आणि तांबोशी हे मासे पकडण्याचा नाद मला वडिलांमुळे लागला. येत्या एप्रिलमध्ये आम्ही हिमाचल प्रदेशातील तीर्थन खोऱ्यात जाणार आहोत. तिथे ट्राउट पकडून पाहण्याची माझी फार इच्छा आहे, परंतु डोंगरी नदीत मी कधीच मासेमारी केलेली नाही. तयारी कोणती करावी? आणि हा मासा आपल्या सुर्ल-चोर्ल्याच्या व्हाळांत (ओढ्यांत) का मिळत नाही?
— एक वाचक, माशेल

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर बरेचसे त्यातच आहे. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा आहे. पाणी 10 ते 16 अंश सेल्सियस असले की तो सुखात असतो आणि 20 अंशांपलीकडे त्याला त्रास होऊ लागतो. 10 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. 25 अंशांना तो जेमतेम 8 मिलिग्रॅमवर येतो. आपले व्हाळ कितीही स्वच्छ असले तरी ते उबदार आहेत. हिमाचलातही हा मासा मूळचा नव्हे. ब्रिटिशांनी तो युरोपातून आणला आणि कुलू खोऱ्यात 1909 च्या सुमारास त्याची पैदास सुरू झाली.

मानशीवर शिकलेल्या माणसाला तंगुसाचा झटका माशाचा की शेवाळाचा हे बोटांनी कळते, आणि ही जाण तिथेही उपयोगी पडेल. एक सवय मात्र सोडावी लागेल. आपल्याकडे आपण एका जागी बसतो आणि भरतीचे पाणी मासा घेऊन येते. तीर्थनमध्ये मासा आपली जागा धरून असतो आणि अन्न प्रवाहाबरोबर त्याच्याकडे वाहत येते. म्हणून तिथे चालत राहायचे असते. मोठ्या धोंड्याच्या मागचा संथ तुकडा, वेगवान आणि मंद पाण्याच्या मधली फेसाची रेघ, धबधब्याखालच्या कोंडीचे तोंड अशा जागा आधी काठावरून न्याहाळाव्यात, आणि मगच काठी उचलावी.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे खालच्या बाजूने, त्याच्या पाठीमागून जावे. पाण्याखालून वर पाहताना त्याला बाहेरचे जग सुमारे 97 अंश कोनाच्या गोल खिडकीतूनच दिसते. आपण जितके वाकलेले आणि दूर, तितके त्या खिडकीच्या कडेला दबून जातो. माझ्या पहिल्या सकाळी मी पांढरा सदरा घालून एका खडकावर ताठ उभा होतो. खाली काचेसारख्या पाण्यात, एका दगडाच्या आडोशाला, हातभर लांबीचा मासा शेपटी संथपणे हलवत होता. मी काठी उचलली, तिची सावली पाण्यावर पडली आणि पुढच्या क्षणी तिथे फक्त दगड उरला. त्या दिवशी मला एकही मासा मिळाला नाही, पण मातकट रंगाचे कपडे घालणे आणि सावली मागे ठेवणे मी तेव्हापासून कधी चुकवलेले नाही.

साहित्य थोडेच लागते : सहा फुटांची हलकी काठी, लहान स्पिनिंग रीळ, 4 ते 6 पौंडांचे तंगूस आणि 3 ते 7 ग्रॅमचे चार-पाच स्पिनर (फिरत्या पात्याची धातूची आमिषे). सुंगटे घरीच ठेवा. स्पिनर प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरका टाकावा आणि पाण्याच्या वेगापेक्षा किंचित जलद गुंडाळावा, म्हणजे त्याचे पाते फिरत राहते. फ्लाय मासेमारी, म्हणजे पिसा-दोऱ्याच्या हलक्या नकली माशीने मासा पकडणे, फार सुंदर आहे, परंतु तिच्यात वजन आमिषात नसून दोरीत असते, त्यामुळे आपली झोकून देण्याची पद्धत तिथे चालत नाही. जाणकाराबरोबर एक दिवस काढल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये.

मत्स्य विभागाचा परवाना आधी घ्यावा आणि तो नदीच्या कोणत्या पट्ट्यासाठी आहे हे विचारून घ्यावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा विणीचा काळ असल्याने ट्राउटची मासेमारी बंद असते. आपला एप्रिल योग्य आहे. मात्र दुपारी बर्फ वितळून पाणी चढते आणि गढूळ होते, म्हणून पहाटेपासून साडेदहा-अकरापर्यंतची वेळ साधावी. पाण्यात उतरताना हातात आधाराची काठी असावी, आणि पाणी गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नये. तीर्थन खाली लारजीजवळ बियासला मिळते; त्या बाजूला, धरणाच्या खालच्या पात्रात कधीही उतरू नका. जून 2014 मध्ये लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे 24 विद्यार्थी वाहून गेले, तेव्हा काही क्षणांपूर्वी ते कोरड्या खडकांवर उभे होते.

पहिला मासा लागलाच तर तो सोडून द्यावा, असा माझा आग्रह आहे. गरीच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून सपाट केलेला असावा. हात ओले केल्याशिवाय माशाला स्पर्श करू नये, कारण कोरड्या तळव्याने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग जडतो. ब्राउन ट्राउटच्या कुशीवर फिकट कड्यांत बसवलेले तांबडे ठिपके असतात. ते पाण्यातच धरून पाहावेत. मग त्याचे तोंड प्रवाहाकडे करून त्याला पोटाखालून आधार द्यावा, आणि शेपटीचा जोर हाताला जाणवला की बोटे सैल करावीत.