गरोदरपणाच्या एकतिसाव्या आठवड्यात पोट कडक होत असेल तर चाचणी करावी की नुसती विश्रांती पुरे?

पत्नीला कळा येत असताना मुदतपूर्व प्रसूतीचा धोका कळण्यासाठीच्या चाचणीचा खर्च करावा की तिला पडून राहू द्यावे, असे आपण विचारले आहे. चाचणी करावी. ती न झाल्यामुळे काय होते, हे मी भोगले आहे.

पहिल्या खेपेस तिसाव्या आठवड्यात माझे पोट दर दहा मिनिटांनी कडक होऊ लागले. तालुक्याच्या गावी एका रुग्णालयात मला दाखल करून घेतले, पलंगाच्या पायथ्याशी विटा लावल्या आणि नऊ दिवस लघवीलाही उठू दिले नाही. प्रसूती जवळ आली की गर्भाशयमुख आखूड होते, पण तेवढ्या दिवसांत त्याची लांबी कोणीही मोजली नाही. दहाव्या दिवशी भावाने हट्टाने पुण्याला नेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी मूत्राशय रिकामे करून यायला सांगितले, योनिमार्गातून सोनोग्राफी केली आणि पडद्यावर दोन खुणा ठेवून लांबी मोजली, ती ३४ मिलिमीटर भरली. त्यांनी घरी पाठवले. मुलगी एकोणचाळिसाव्या आठवड्यात झाली.

अशा कळा येणाऱ्या स्त्रियांपैकी दहांत एकीचीही प्रसूती आठवडाभरात होत नाही, आणि ती एक कोणती हे ओळखण्यासाठीच ही तपासणी असते. बाळाच्या फुप्फुसांसाठी दिली जाणारी स्टेरॉइडची इंजेक्शने पुढच्या सात दिवसांत प्रसूती झाली तरच सर्वाधिक उपयोगी पडतात, त्यामुळे ती उगाच आधी देऊन ठेवण्यात अर्थ नसतो. लांबी ३० मिलिमीटरहून अधिक असेल तर लगेच प्रसूती होण्याची शक्यता फार कमी असते, १५ हून कमी असेल तर धोका खरा मानावा. मधल्या स्थितीत फायब्रोनेक्टिनची, म्हणजे योनीतील स्रावात गर्भाच्या आवरणाशी संबंधित एक प्रथिन शोधण्याची, चाचणी कामी येते. तिचा नकारात्मक निकाल विश्वासार्ह असतो. सकारात्मक निकालानंतरही अनेकींचे दिवस पूर्ण भरतात. नमुना मात्र आतून बोटांनी तपासण्यापूर्वी घ्यावा लागतो, आणि आदल्या चोवीस तासांत संबंध आला असल्यास तो ग्राह्य धरता येत नाही.

पाणी गेले असेल, रक्तस्राव होत असेल किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल, तर चाचणीचा विचार न करता नवजात अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय गाठावे, हे आधीच लिहायला हवे होते.

सासूबाई आजही म्हणतात, "पडून राहिलीस म्हणून पोर टिकली." नुसते पडून राहिल्याने मुदतपूर्व प्रसूती टळते असे अभ्यासांत दिसलेले नाही, उलट पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, हे मी त्यांना अनेकदा सांगितले आहे. त्यावर, पहिल्या दिवशी मुख आखूड झाले नव्हते कशावरून, असे त्या विचारतात. त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही, कारण त्या दिवशी ते कोणी मोजलेच नव्हते.