वाचक विचारतात: पाऊस आला की गडर लाइन उलटी का वाहते?

प्रश्न : एरवी आमची गडर लाइन, म्हणजे सांडपाण्याचा जमिनीखालचा पाइप, व्यवस्थित वाहते. जोराचा पाऊस झाला की अर्ध्या तासात तळमजल्याच्या न्हाणीतल्या जाळीतून घाण पाणी वर येतं. दरवर्षी लाइन साफ करून घेतो, तरी तेच. मोठा पाइप टाकायची मागणी करावी का? (महाल, नागपूर)

एवढ्यात नको. उन्हाळ्यात चांगली वाहणारी लाइन पावसात अर्ध्या तासात भरते, म्हणजे तिच्यात पावसाचं पाणी थेट शिरतंय, आणि जुन्या वस्तीत ते बहुतेक वेळा छतांवरून येतं. हिशेब करून पाहा. १,००० चौरस फुटांच्या स्लॅबवर तासाला ५० मिमी पाऊस पडला तर तासाभरात साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी खाली येतं. पाच माणसांच्या घराचं सांडपाणी, माणशी १३५ लिटर वापर आणि त्यातला ८० टक्के भाग धरला, तर दिवसाला ५४० लिटर. म्हणजे एका तासात आठ दिवसांचा भार! गल्लीतला १५० मिमीचा पाइप, १०० मीटरला १ मीटर उतार असताना, काठोकाठ भरून सेकंदाला सुमारे १५ लिटर पाणी नेतो. तेवढं पाणी अशा पावसात बारा घरांची छतंच देतात. सांडपाण्याला जागा उरत नाही आणि ते सर्वांत खालच्या तोंडातून, म्हणजे तुमच्या न्हाणीतून, बाहेर पडतं. पाइप मोठा केला तर हाच त्रास पुढच्या गल्लीत जाईल.

आधी आपलं घर तपासा. कोरड्या दिवशी बादलीभर पाण्यात खाण्याचा रंग कालवून छतावरच्या पाइपात ओता, मागून दोन बादल्या साधं पाणी सोडा आणि दुसऱ्या माणसाला अंगणातल्या चेंबरपाशी उभं करा. चेंबरमध्ये रंग दिसला तर जोड तिथेच आहे. प्रत्येक पाइप वेगळा तपासा. रस्त्यावरचं मॅनहोल मात्र उघडू नका.

जोड सापडला की पाइप जमिनीच्या वर कापा आणि चेंबरकडच्या तोंडाला कॅप सॉल्व्हंटने पक्की बसवा. गोणपाट कोंबणं हा उपाय नव्हे. तो सुटून लाइनमध्येच अडकतो. छताचं पाणी एल्बो लावून पावसाळी नालीत सोडा किंवा शोषखड्ड्यात घ्या. खड्डा काळ्या मातीतच संपला तर पाणी मुरणार नाही, मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं. तळाशी बोल्डर, त्यावर गिट्टी, सर्वांत वर जाड रेती. वरची रेती दरवर्षी पावसाळ्याआधी खरवडून धुवा.

अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीला २३ सप्टेंबर २०२३ ला पूर आला, तसा प्रसंग असेल तर छताचे पाइप तोडून भागत नाही. त्यासाठी घराच्या शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारा पण उलटं आत येऊ न देणारा व्हॉल्व्ह, लागतो. इथे एक चूक हमखास होते. छताचा पाइप व्हॉल्व्हच्या अलीकडे, घराच्या बाजूला, जोडलेला राहतो. पुरात व्हॉल्व्ह बंद होतो आणि स्वतःच्याच छताचं पाणी न्हाणीतून वर येतं. म्हणून आधी छताच्या पाइपचा जोड तोडा, मग व्हॉल्व्ह बसवा. व्हॉल्व्ह बंद असताना घरातही पाणी सोडायचं नाही. त्याची झडप मे महिन्यात उघडून साफ करा. चिंधी किंवा खडा अडकला की ती मिटत नाही.

प्रश्न : आमच्या गावातली लाइन जुनी आहे आणि निधी थोडा. सुरुवात कुठून करावी? (नागपूर जिल्ह्यातल्या एका नगर परिषदेचे सदस्य)

मोजण्यापासून. सांडपाणी उपसणारा पंप किती तास चालला आणि त्या दिवशी किती पाऊस पडला, हे एका वहीत रोज लिहा. पाऊस सुरू होताच प्रवाह वाढून दोन-चार तासांत उतरत असेल, तर पाणी छत, नाली, झाकणं यांतून येतंय. पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाले तरी उतरत नसेल, तर भूजल सांध्यांतून झिरपतंय. जुन्या लाइनचे स्टोनवेअर (भाजलेल्या मातीचे) पाइप आखूड असतात, त्यामुळे सांधे खूप. आणि काळी माती पावसात फुगून, उन्हाळ्यात आकसून तेच सांधे उघडते.

पहिल्या प्रकाराला धुराची चाचणी उत्तम. ती एप्रिल-मे मध्ये घ्या. ओल्या मातीतून धूर वर येत नाही. १०० ते २०० मीटरचा तुकडा दोन्ही टोकांना रेतीच्या पोत्यांनी अडवा आणि मधल्या मॅनहोलवर ब्लोअर ठेवून धूर सोडा. आदल्या दिवशी घरोघरी सांगून प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतायला लावा, नाहीतर कोरड्या ट्रॅपमधून (जाळीखालच्या, पाणी धरून वायू अडवणाऱ्या वळणातून) धूर घरात शिरतो. अग्निशमन दलालाही कळवा. व्हेंट पाइपातून, म्हणजे लाइनमधला वायू बाहेर सोडणाऱ्या उभ्या पाइपातून, निघालेला धूर ठीक. छताच्या पाइपातून, नालीच्या जाळीतून किंवा जमिनीच्या भेगेतून निघाला तर तिथे चुन्याची खूण करा आणि फोटो काढा.

झाकणांकडे सहसा कुणी पाहत नाही. पाणी साचणाऱ्या खोलगट जागी झाकणावर १० सेंटिमीटर पाणी असेल, तर २५ मिमीच्या एकाच भोकातून मिनिटाला सुमारे २५ लिटर आत जातं. तिथे बिनभोकाचं, रबरी गॅस्केटचं झाकण बसवा. आधी झाकणं, मग छतं, मग नालीचे चुकीचे जोड. हे आटोपल्यावर पुन्हा मोजा आणि मगच सांधे बदलण्याचा खर्च ठरवा.

प्रश्न : रस्त्यावर पाणी साचलं की आमच्या ले-आउटमधले लोक गडरचं झाकण काढतात. पाणी लवकर उतरतं, मग हरकत काय?

गढूळ पाण्याखालचं उघडं तोंड दिसत नाही, त्यात माणूस जातो. लाइनमध्ये गेलेली रेती आणि पन्न्या पाऊस सरल्यावर तळाशी बसतात, आणि उतारावरच्या घरांत मैला वर येतो. ती लाइन मोकळी करायला कुणालाही आत उतरवू नका. विषारी वायूने जीव जातो, शिवाय हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने अशा धोकादायक सफाईवर बंदी आहे. जोराच्या पाण्याने लाइन साफ करणारं जेटिंग मशीनच मागवा. झाकणाऐवजी पावसाळी नालीची जाळी पाहा. पाला आणि पन्न्या फावड्याने ओढल्या की पाणी बहुतेक वेळा तिथूनच उतरतं.