एकच घाव, तरीही खून?

कायदेविषयक प्रश्नोत्तरे

प्रश्न : बांधाच्या वादातून चुलतभावाने माझ्या थोरल्या भावाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. घाव एकच. अकरा दिवस दवाखान्यात काढून भाऊ गेला. घटना ऑगस्ट २०२४ मधली. आरोपीचे वकील म्हणतात, "जीव घ्यायचा असता तर एकावर थांबला नसता. शिवाय मृत्यू जंतुसंसर्गाने झाला. हा खून नव्हे, सदोष मनुष्यवध आहे." आता साक्षी सुरू होतील. त्यांचे म्हणणे टिकेल का?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : घटना १ जुलै २०२४ नंतरची असल्याने भारतीय न्याय संहिता लागू होते. सदोष मनुष्यवधाची व्याख्या कलम १०० मध्ये आहे आणि तो खून केव्हा ठरतो हे कलम १०१ सांगते. खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये, खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधाची १०५ मध्ये. (त्याआधीच्या घटनांना जुन्या भारतीय दंड संहितेची ३०२ आणि ३०४ हीच कलमे.)

"मारून टाकायचे नव्हते" एवढ्यावर खुनाचे कलम निघत नाही. पंजाबातल्या विरसा सिंग खटल्यात आरोपीने पोटात भाल्याचा एकच वार केला होता. आतडी बाहेर आली आणि जखमी दुसऱ्या दिवशी गेला. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. व्हिवियन बोस यांनी जी कसोटी घालून दिली ती आजही रोज वापरली जाते. जखम कुठे आणि कशी झाली, हे आधी पाहायचे. मग नेमकी तीच जखम करण्याचा आरोपीचा हेतू होता, की हात निसटून किंवा झटापटीत ती भलतीकडे बसली, हे ठरवायचे. हेतूचा प्रश्न इथे संपतो. अशी जखम निसर्गक्रमाने मृत्यू घडवायला पुरेशी होती का, हे वैद्यकीय पुराव्यावरून ठरते. त्याबद्दल आरोपीच्या मनात काय होते, हे विचारले जात नाही. म्हणून घावांची संख्या निर्णायक नाही. नेम धरून डोक्यात पात्याने घातलेला एक घाव खून ठरू शकतो आणि हातापायांवर काठीचे दहा तडाखे कदाचित ठरणार नाहीत.

जंतुसंसर्गाचा मुद्दाही तसा कच्चाच आहे. योग्य उपचारांनी जीव वाचला असता, एवढ्याने जखम करणारा सुटत नाही, असे कलम १०० च्या स्पष्टीकरणातच लिहिले आहे. मात्र जखम, तिच्यातून संसर्ग आणि त्यातून मृत्यू ही साखळी कागदावर अखंड दिसली पाहिजे. त्यासाठी दाखल झाल्यापासूनचे सगळे केसपेपर, सीटी स्कॅन, शस्त्रक्रियेच्या नोंदी आरोपपत्रासोबत आहेत का ते आजच तपासा. नुसता शवविच्छेदनाचा अहवाल असेल तर मधले अकरा दिवस कोरे राहतात, आणि बचावपक्ष त्याच फटीत शिरतो.

खटला बहुतेक वेळा घसरतो तो डॉक्टरांच्या साक्षीत. अहवालात मृत्यूचे कारण "डोक्यास दुखापत" एवढेच असते. ही जखम निसर्गक्रमाने मृत्यू घडवण्यास पुरेशी होती का, हा प्रश्न सरकारी वकिलांनी सरतपासात, म्हणजे स्वतःच्या साक्षीदाराला प्रश्न विचारताना, विचारायलाच हवा. जप्त कुऱ्हाड डॉक्टरांना दाखवून, जखम पात्याने झाली की तुंब्याने (कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट बाजूने), हेही वदवून घ्यायला हवे. कवटी दुभंगलेली असेल तर न्यायालय स्वतःही अनुमान काढू शकते, पण त्या भरवशावर राहू नका. तुम्हाला स्वतःचा वकील देता येतो. तो सरकारी वकिलांना साहाय्य करतो, साक्षीदारांना थेट प्रश्न विचारत नाही, पण पुरावा संपल्यावर न्यायालयाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देऊ शकतो. म्हणून हे मुद्दे साक्षीच्या तारखेआधीच लेखी टिपण करून सरकारी वकिलांकडे पोचले पाहिजेत.

तुमच्या बाजूने खरी धास्ती वेगळीच आहे. कलम १०१ ला पाच अपवाद आहेत. त्यांतला अचानक भांडणाचा अपवाद बांधाच्या वादात हमखास पुढे येतो. पूर्वयोजना नसावी, भांडण अचानक पेटलेले असावे, कृत्य संतापाच्या भरात झालेले असावे, आणि आरोपीने अवाजवी फायदा घेतलेला नसावा किंवा क्रूरपणा केलेला नसावा. हे सगळे एकत्र जुळावे लागते. आधी हात कोणी उगारला याला इथे महत्त्व नाही. म्हणून "सुरुवात त्याने केली" हे सिद्ध करण्यात साक्षीदारांची शक्ती घालवू नका. कुऱ्हाड आली कुठून, याकडे लक्ष द्या. लाकडे तोडता तोडता हातात होतीच, तर आरोपीला वाव मिळतो. शिवीगाळ झाल्यावर तो घरी जाऊन ती घेऊन आला असेल, आणि तुमचा भाऊ रिकाम्या हाताने उभा असेल, तर हा अपवाद टिकणे कठीण. त्यामुळे घटनास्थळाचा पंचनामा, नकाशा, घर ते बांध अंतर आणि साक्षीदारांनी सांगितलेल्या वेळा एकमेकांशी जुळल्या पाहिजेत.

प्रश्न : रागाच्या भरात घडले असे दाखवले की खुनाचे कलम निघते म्हणतात. राग किती वेळ "आकस्मिक" धरतात?
— विधी शाखेची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : घड्याळात मोजून दिलेली मुदत नाही. नौदल अधिकारी नानावटी यांच्या खटल्यात २७ एप्रिल १९५९ रोजी पत्नीने प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिल्यावर आरोपीने तिला व मुलांना चित्रपटगृहात सोडले, जहाजावर जाऊन खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे घेतली, आधी आहुजाचे कार्यालय गाठले आणि मग त्याचे घर, आणि तिथे त्याला गोळ्या घातल्या. स्वतःच्या घरातून निघाल्यापासून गोळीबारापर्यंत सुमारे तीन तास गेले. ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही, म्हणून त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे झालेली खुनाची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९६१ मध्ये कायम केली. तीन तासांपेक्षा न्यायालयाला त्या तासांतली आखणी बोलकी वाटली. शब्द व हावभावही प्रक्षोभन (राग भडकवणारी चिथावणी) ठरू शकतात आणि मृताचे आधीचे वर्तन विचारात घेता येते, हे त्याच निकालात आहे. ते सहसा विसरले जाते. अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, मात्र तो संभाव्यतेच्या पातळीवर पेलला, म्हणजे तसे घडल्याची शक्यता अधिक दिसली, तरी पुरतो.

प्रश्न : हत्यारच नसेल, नुसत्या बुक्क्या असतील तर?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : मुंबई उच्च न्यायालयाचा १८७६ चा गोविंदा खटला अजून उद्धृत होतो. पतीने पत्नीला पाडून छातीवर गुडघा ठेवला आणि तोंडावर दोनतीन जोरदार बुक्क्या मारल्या. मेंदूवर रक्त साचून ती गेली. न्या. मेलव्हिल यांनी हा खून न मानता सदोष मनुष्यवध मानला, कारण ती इजा निसर्गक्रमाने मृत्यू घडवण्याइतकी नव्हती. पण हा सरसकट नियम समजू नका. समोरच्याला गंभीर आजार आहे, एवढ्या माराने तो दगावेल, हे ठाऊक असताना जाणूनबुजून इजा केली तर बुक्कीही खून ठरते.

प्रश्न : न्यायालयाने खुनाऐवजी कलम १०५ लावले तर मृताच्या घरच्यांनी काय करावे? फरक किती पडतो?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : कलम १०३ मध्ये फाशी किंवा जन्मठेप, शिवाय दंड. कलम १०५ चे दोन भाग आहेत. मृत्यूचा किंवा मृत्यू होण्याजोग्या इजेचा हेतू असेल तर जन्मठेप किंवा ५ ते १० वर्षे. कृत्याने मृत्यू होऊ शकतो याची नुसती जाणीव असेल तर १० वर्षांपर्यंत, आणि तिथे किमान मुदत नाही. म्हणून निकाल हातात आला की कोणता भाग लावला ते आधी वाचा. खुनाच्या जन्मठेपेत शिक्षामाफी मिळाली तरी किमान १४ वर्षे तुरुंगात काढावीच लागतात. १०५ च्या जन्मठेपेला हे बंधन नाही. कमी गुन्ह्यात दोषी धरल्याविरुद्ध पीडिताला, म्हणजे मृताच्या कायदेशीर वारसांनाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ खाली अपील करता येते. केवळ शिक्षा कमी वाटते म्हणून मात्र नाही; ते अपील राज्य सरकारच करू शकते. निकालाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागा, कारण मुदतीचे हिशेब त्या कागदावरच चालतात.